तुझ्या गाठी, माझी कूज

वैजू,

प्रयोगाच्या कुंड्यांतली झाडं उपटायची वेळ आली आणि तू नाहीस, ही काय पद्धत झाली? मी तुझ्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. तेरवीला आलेल्या बायका म्हणत होत्या, गेलेल्या माणसाबद्दल मनात राग ठेवू नये. मी म्हटलं, मी ठेवणार आहे. इतकी वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण भांडलो, आणि भांडण ऐन रंगात आलेलं असताना तू उठून गेलीस. राग येणार नाही तर काय होईल?

सगळ्यांना वाटतं आपण मैत्रिणी होतो. होतोच. पण त्याआधी आपण विरुद्ध पक्षाच्या होतो. तू सूत्रकृमीवाली, मी बुरशीवाली. सोयाबीनचं झाड शेतात उभ्या उभ्या पिवळं पडून मरायला लागलं, की तू म्हणायचीस, मुळात किडे शिरलेत. डोळ्यांना न दिसणारे, धाग्यासारखे, मुळात घर करून गाठी आणणारे तुझे ते लाडके किडे. मी म्हणायची, अगं मूळ काळं पडलंय, साल सुटून हातात येतेय, ही मूळकूज आहे, ही माझी बुरशी आहे. आणि दोघीही खऱ्या असायचो, कारण त्या मेलेल्या मुळांवर तुझ्या गाठीही असायच्या आणि माझी कूजही असायची. झाडाला मारलं कोणी, एवढाच काय तो प्रश्न होता. त्या एवढ्याशा प्रश्नावर आपण आपली जवानी घालवली, असं तू शहापूरच्या टपरीवर चहा पिता पिता म्हणाली होतीस, आणि चहावाला आपल्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहायला लागला होता.

सुरुवात धनराजदादापासून झाली. तुझा मोठा भाऊ म्हणून मी त्याला आधीपासून ओळखत होते, पण तोवर तो फक्त आंब्यांची पेटी आणून देणारा दादा होता. तुमच्या करडी गावात जिकडे पाहावं तिकडे धान. पाणी अडवलेल्या बांध्या, तळं, आणि पुन्हा धान. त्यात दादाची ती उंचावरची भर्री जमीन, जिथं पाण्याचा थेंब थांबत नाही. तिथं दादानं सोयाबीन लावलं. आजूबाजूला कोणी लावत नव्हतं तेव्हा लावलं, आणि त्याचा त्याला केवढा तोरा होता. गावात कोणी पाहुणा आला की दादा आधी त्याला भर्री दाखवायचा, मग चहा पाजायचा.

एका सकाळी तो मोटारसायकलवर आपल्या कृषी संशोधन केंद्रात आला. ओल्या पोत्यात गुंडाळलेलं सोयाबीनचं अख्खं झाड, मुळासकट. चेहऱ्यावर नुसता आनंद. प्रत्येक प्रशिक्षणात आपल्याच लोकांनी त्याला शिकवलं होतं ना, की सोयाबीनच्या मुळावर गाठी असणं चांगलं, त्या हवेतला नत्र ओढून जमिनीला देतात, जितक्या गाठी जास्त तितकं पीक जोमदार. मग त्यानं शेतभर हिंडून सगळ्यांत जास्त गाठींचं झाड शोधलं आणि बहिणीला दाखवायला घेऊन आला. पेपरात फोटो द्यायचा होता त्याला.

तू ते मूळ हातात घेतलंस आणि अंगठा फिरवलास. चांगल्या गाठी मुळाच्या कडेला मण्यासारख्या चिकटलेल्या असतात, अंगठ्यानं सहज निघतात, फोडल्या तर आत गुलाबी. या निघेनात. मूळच सुजलेलं होतं. तू परत अंगठा फिरवलास. मी तुझ्याकडे पाहत होते, आणि तू मुळाकडे पाहतच नव्हतीस, दादाकडे पाहत होतीस. झाडं मरून राहिली होती, तीही त्याच तुकड्यात, हे त्यानं अजून सांगितलंही नव्हतं. तुला ते कळून चुकलं होतं.

"दादा," तू म्हणालीस, "ह्या त्या गाठी नाही. हा रोग हाये."

दादा हसला. त्याला वाटलं तू त्याची फिरकी घेऊन राहिलीस. मग तुझ्या तोंडाकडे पाहून त्यानं झाड हळूच टेबलावर ठेवलं आणि माठातलं पाणी प्यायला गेला, तो कितीतरी वेळ तिथंच उभा राहिला. आणि मला कधी काय बोलावं हे कधी कळलंय? मी बुंधा पाहिला आणि म्हणून बसले, गाठी असतील गं, पण झाड मेलंय ते सडून, हे बघ किती काळं पडलंय. तू अशी काही माझ्याकडे वळलीस. "तू थांब न जरा, नलू." तिथून जे सुरू झालं ते आजतागायत थांबलेलं नाही.

दादाला आपल्या भांडणात रस नव्हता. त्याला उपाय पाहिजे होता. माझं खरं मानायचं तर उपाय सोपा होता, पेरायच्या आधी बियाण्याला बुरशी मारायची पावडर चोळायची आणि सोयाबीन घेत राहायचं. तुझं खरं मानायचं तर नुसती पावडर काही कामाची नव्हती. आधी जमीन किड्यांपासून मोकळी करावी लागणार होती, आणि त्यासाठी तू त्याला सांगितलंस, एक हंगाम भर्रीवर झेंडू लाव. झेंडूच्या मुळात हे किडे शिरतात पण तिथं त्यांचं बस्तान बसत नाही. दादानं तुझ्याकडे असं पाहिलं, की जणू तू त्याला नाचायलाच सांगितलंस.

"झेंडू?" तो म्हणाला. "बाई, करडीत धान होते. फुलाईची टोपली घेऊन भंडाऱ्याच्या बाजारात बसू का मी?"

त्यानं माझी पावडर नेली. तुझ्या डोळ्यांदेखत नेली, आणि मी काय साळसूदपणे वापरायची रीत सांगत होते. पुढच्या हंगामात भर्रीवर पुन्हा तसेच पिवळे चट्टे पडले. मी म्हटलं, पावडर नीट चोळली नसेल. तू म्हणालीस, पावडर चोळली तरी किडे थोडेच ती चाटून मरणार आहेत. दर रविवारी तू करडीला जायचीस आणि सोमवारी झेंडूवरून भांडून परत यायचीस. डबा टेबलावर आपटायचीस. त्यात वहिनीनं दिलेली वडाभात नाहीतर भाजी असायची, ती मला वाढता वाढता तुझी गाडी सुरू व्हायची. "माझं कोणीच आयकत नाही. ना घरी, ना इथं." मी म्हणायची, इथं तर मी तुझंच ऐकत बसलेय ना सकाळपासून. तू म्हणायचीस, "तू आयकतं, मानत नाही."

खरंच होतं ते. पण तूही माझं मानत नव्हतीस, हे विसरू नकोस. आणि यातून एक गोष्ट जन्माला आली, तिच्यासारखी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याही केंद्रात पाहिली नाही. प्रयोगात मुळं तपासायची वेळ आली की तुझ्या गाठी मी मोजायच्या आणि माझी कूज तू ठरवायचीस. एकीनं मूळ धुवायचं, कोणत्या कुंडीतलं ते न सांगता दुसरीच्या हातात द्यायचं. भिंतीवर आपण सहा मुळांचे फोटो चिकटवले होते, शून्यापासून पाचापर्यंत, पांढऱ्याशुभ्र निरोगी मुळापासून पार विरघळलेल्या मुळापर्यंत. हातातलं मूळ त्या फोटोंशी जुळवायचं आणि आकडा सांगायचा. आपल्या आपल्या पिल्लांवर आपला जीव, मग निदान मोजणारी तरी परकी असावी, हा तुझाच विचार. मी मधेच नाक खुपसून म्हणायची, हे चार आहे. तू मान वर न करता म्हणायचीस, "एक कमी कर." माझी बुरशी मला नेहमी एक आकडा जास्त दिसायची, हे तुला पाठ होतं. नंतर नंतर हे आपल्या सगळ्यातच शिरलं. माझ्या भाजीत तिखट जास्त झालं, एक कमी कर. मी कोणाची तक्रार करताना वाढवून सांगायला लागले, एक कमी कर. मी रडायला लागले तरी तेच.

आणि टपरीवर मी चहावाल्याला सांगायची, हिच्या चहात साखर एक चमचा कमी कर, तर तू त्याला डोळ्यानं खुणावायचीस. तुझ्या साखरेचा आकडा मला कधी दाखवला नाहीस तू. तो मोजायलाही परकं माणूस लागतं, हे तुझ्या डोक्यात कसं नाही आलं गं?

शेवटी या वर्षी आपण ठरवलं, की नुसत्या तोंडानं भांडणं पुरे, आता कुंड्यांनाच विचारू. दादाच्या भर्रीवरची माती पोती भरभरून आणली आणि ड्रममध्ये वाफवली, म्हणजे आधीचं काही जिवंत राहू नये. दादा पाहायला आला होता. मातीची वाफ काढून राहिल्या, तिले सर्दी झाली का, असं त्यानं विचारलं तेव्हा तू इतकी हसलीस की चष्मा काढून पुसावा लागला. मग कुंड्यांचे चार गट केले. काहींमध्ये काहीच सोडलं नाही. काहींमध्ये नुसते तुझे किडे, काहींमध्ये नुसती माझी बुरशी, आणि काहींमध्ये आधी तुझे किडे आणि मागून माझी बुरशी. सगळा निकाल तिसऱ्या गटावर होता. एकट्या बुरशीनं मुळं सडली तर मी खरी, दादाचं सोयाबीन राहील. नाही सडली, तर तू खरी.

मी ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवत बसले आणि तू आपले किडे गोळा करत बसलीस. माती पाण्यात कालवून चाळण्यांतून गाळायची, मग बशीत पाणी घेऊन त्यावर पातळ कागद आणि कागदावर तो गाळ. सकाळपर्यंत किडे कागदातून खाली पाण्यात उतरलेले असायचे. मेलेले वरच राहतात, जिवंत असतील तेच खाली येतात. तू किती कौतुकानं सांगायचीस ते प्रत्येक नव्या माणसाला, "जे जिवंत हायेत ते आपल्या पायानं येतात." मी म्हणायची, पाय कुठे आहेत त्यांना? तू म्हणायचीस, तुझ्या बुरशीपेक्षा बरे, कुठे जायचं ते त्यांना ठाऊक आहे.

अहवालाचं नाव काय ठेवायचं, यावरही आपण भांडलो, आठवतं? अजून एक मूळ उपटलेलं नव्हतं आणि नावावरून भांडण. मी म्हणत होते 'मूळकूज व सूत्रकृमी'. तू म्हणत होतीस 'सूत्रकृमी व मूळकूज'. टायपिंग करणाऱ्या मुलीनं वैतागून जागा कोरीच सोडली. ती तशीच होती, परवापर्यंत.

पोळा झाला आणि तुला ताप आला. तू तो अंगावर काढलास. मुळावरची एक एक गाठ भिंगाखाली धरून पाहणारी तू, स्वतःच्या तापाला गोळी खाऊन गप्प बसवत राहिलीस. तुझा फोन आला तेव्हा मी कारध्याहून निघून पुलावर पोचले होते, खाली वैनगंगा भरून चालली होती, मागून ट्रक हॉर्न देत होता. स्कूटी कडेला घेऊन मी फोन उचलला. मला वाटलं, दवाखान्यात चल म्हणशील. तू काय म्हणालीस?

"कुंड्याईले जास्त पाणी नको घालू, नलू. माझे किडे गुदमरतीन."

मी म्हटलं, मरू दे तुझे किडे, तू आधी डॉक्टरकडे जा. तू म्हणालीस, जाईन ना उद्या. मी म्हटलं, ठेवते, मागून ट्रक आहे. बस. एवढंच. आपलं शेवटचं बोलणं किड्यांवर झालं आणि एका ट्रकनं ते तोडलं. लोकांची शेवटची बोलणी कशी असतात, काय काय सांगून जातात माणसं. मला तुझ्याकडून काहीच नको होतं, पण ते ट्रकवाल्याचं हॉर्न अजून कानात आहे.

तू गेलीस तेव्हा नागपूरच्या दवाखान्यात मी आणि दादा बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टर बाहेर आले आणि भल्या शब्दांत सांगायला लागले. एकट्या तापानं एवढं झालं नसतं, म्हणाले. रक्तातली साखर फार वाढलेली होती, कधीपासून असेल कोण जाणे. शरीर आतून आधीच पोखरलेलं होतं, त्यात हा ताप. दोन्ही एकत्र आलं.

वैजू, मी त्या भल्या माणसावर ओरडणार होते. मी जवळजवळ विचारलंच होतं, आधी कोण ते सांगा. जिभेवर आलं होतं माझ्या. माझ्या आयुष्यात इतका राग मला कुठल्या वाक्याचा आला नाही. इतकी वर्षं जे आपण कुंड्यांमध्ये शोधत होतो, ते या माणसानं दवाखान्याच्या व्हरांड्यात, हात पुसता पुसता सांगून टाकलं, आणि तेही तुझ्याबद्दल. दादानं विचारलं, काय म्हणते डॉक्टर? मी म्हटलं, दोन्ही मिळून झालं. त्यानं मान हलवली. त्याला काय कळलं आणि काय नाही, मला माहीत नाही. मला स्वतःला तरी कुठे कळलं होतं? मला उत्तर नको होतं, मला तू पाहिजे होतीस.

तेरवीला करडीला गेले. तुझ्या फोटोला हार घातला होता, जाडजूड, झेंडूचा. आणि मला हसू आलं. ते अंगणभर बसलेले लोक, वहिनी रडून रडून सुजलेली, आणि मी पदर तोंडाला लावून हसतेय. शेजारची बाई म्हणाली, हिला धक्का बसलाय. तुझ्या जागी कोणीही असतं तर चाललं असतं, पण तुझ्या गळ्यात तो झेंडू पाहून मला दिसत होतं, तू काय म्हणाली असतीस. बाजारातून विकत आणला ना, शेतात लावायला सांगितला तर लाज वाटत होती. दादाचं मुंडण झालेलं होतं, डोक्याला टोपी. त्यानं मला हसताना पाहिलं. मग त्यानं हाराकडे पाहिलं. मग टोपी काढून तोंड पुसलं आणि जेवणाऱ्यांना वाढायला निघून गेला.

केंद्रात आले तर कुंड्या थांबायला तयार नव्हत्या. तुझ्या आजारपणात पाण्याची हेळसांड झालेली, वरून सगळीच झाडं मलूल दिसत होती. खरं काय ते खाली मुळातच. आणि अजून थोडे दिवस ठेवली असती तर मुळं आपोआपच म्हातारी होऊन काळी पडली असती, मग कोणती कुठल्या गटातली, काही फरक उरला नसता. उपटायला तर पाहिजेच होतं. पण माझी बुरशी कोण पाहणार? एका सहकाऱ्यानं सहज म्हटलं, मॅडम, तुमची बुरशी तुमच्यापेक्षा जास्त कोण ओळखतं, लिहून टाका आकडे, कोण पाहून राहिलंय? त्याचं काही चुकलं नाही बिचाऱ्याचं. पण मी असं काही त्याच्याकडे पाहिलं की तो दिवसभर माझ्यासमोर आला नाही.

एकटीनं करून पाहिलं मी. पहिलं झाड उपटलं, धुतलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि पाहत बसले. मला काही दिसेचना. आधी वाटलं चार. मग वाटलं, मी तुझ्यावर राग काढून राहिले, दोनच असेल. मग वाटलं, आता तुझी दया येऊन कमी करून राहिले, चारच असेल. तू हरलीस तर भांडायला कोण येणार होतं? तू जिंकलीस तर नाक वर करून फिरायला कोण होतं? ते मूळ मी तसंच फेकून दिलं. ती एक कुंडी वाया गेली, रागावायचं तर रागाव.

दुसऱ्या दिवशी दादा तुझ्या वस्तू न्यायला आला. छत्री, स्टीलचा डबा, खुर्चीवरची शाल, ते भिंग. छत्री सोडून मी सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं, पण त्याच्या हातात दिलं नाही. म्हटलं, दादा, बसा जरा, काम आहे. तुझ्या स्टुलावर बसवलं त्याला. सांगितलं, मी मूळ धुऊन देते, तुम्ही भिंतीवरच्या फोटोंशी जुळवून आकडा सांगायचा, गाठी पाहायच्या नाहीत, फक्त काळेपण आणि सड पाहायची. तो म्हणाला, मले काय समजते त्यातलं? मी म्हटलं, समजायचं नाहीच आहे. मला सगळं समजतं, म्हणून तर माझ्या हातून होत नाहीये.

सुरुवातीला त्यानं घोळ घातला. चिखल राहिलेल्या मुळाला सरळ पाच देऊन टाकले, मग धुऊन दाखवलं तर शून्य. मग हळूहळू बसला हात. मी नळाखाली मुळं धुवायची, द्यायची, तो चष्मा वर करून फोटोंकडे पाहायचा, आकडा सांगायचा, मी लिहायची. मधे मी गाठी मोजायची, माझं काम मी सोडलं नाही. कोणत्या कुंडीतलं कोणतं, ते त्यानं एकदाही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मग एक मूळ आलं. नुसत्या बुरशीच्या कुंडीतलं होतं, मला माहीत होतं, मीच उपटलं होतं. दादा ते फार वेळ पाहत राहिला. मला राहवलं नाही. म्हटलं, तीन ना? लिहू ना तीन?

त्यानं मूळ उजेडाकडे धरलं, मान तिरकी केली. "नाही ताई," तो म्हणाला. "एक कमी करा."

 मी विचारलं, वैजू तुम्हाला हे सांगायची का? तो म्हणाला, काय? आणि पुढच्या मुळासाठी हात पुढे केला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. मी नळ मोठा केला आणि त्याच्याकडे पाठ करून रडले, पोटभर रडले, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग दोन लिहिले.

आता ऐक. नुसत्या बुरशीच्या कुंड्यांत मुळं थोडीफार काळी पडली, पण झाडं तगली होती. नुसत्या किड्यांच्या कुंड्यांत गाठीच गाठी, तरी झाडं उभी. आणि जिथं आधी तुझे किडे गेले आणि मागून माझी बुरशी, तिथं मूळ म्हणून हातात काही उरलंच नव्हतं. तू म्हणशील, पाह्य, दार कोणी उघडलं? मी म्हणेन, पण आत शिरून नासधूस कोणी केली? ते भांडण माझ्यापुरतं मी चालूच ठेवणार आहे. आणि त्या दोन्हींच्या गटातली एक कुंडी अशी निघाली, की झाड हिरवंगार, मूळ जवळजवळ स्वच्छ. काहून, मला कळलं नाही. तू असतीस तर त्या एका कुंडीवर आपलं वर्ष गेलं असतं. ती मी फेकली नाही. आणि हो, एका हंगामाच्या कुंड्यांवर एवढा भरवसा ठेवायचा नसतो, पुढच्या वर्षी सगळं पुन्हा करायचं, हे तुझं वाक्य मी तुझ्याऐवजी दादाला सांगितलं.

पण बाकीचंही सांगावंच लागलं. नुसत्या पावडरीनं भर्री वाचणार नाही दादा, माझा अंदाज खरा ठरला नाही. तो ऐकत होता. तुझं भिंग हातात घेऊन फिरवत होता. ज्या पिकाचा एवढा तोरा, त्याच्या विरुद्धचे आकडे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितले होते, हे त्याला आत्ता कळून राहिलं होतं. मला वाटलं, आता म्हणेल, तुमच्या कुंड्यांत आणि माझ्या वावरात फरक आहे. म्हणाला असता तर चुकीचं नसतं. त्यानं पिशवी उचलली, छत्री काखेत धरली आणि बाहेर गेला.

मी खिडकीतून पाहत होते. मोटारसायकलला पिशवी अडकवली, टोपी सारखी केली. मग परत फिरून दारात आला.

"ताई," म्हणाला, "झेंडूचं बी कुठं भेटते?"

मी सांगितलं. किती लागेल तेही सांगितलं. लोक हसतील, असं मी म्हणाले नाही आणि तोही म्हणाला नाही. तो गेल्यावर मी अहवालाचा तो कोरा कागद काढला आणि नाव लिहिलं. सूत्रकृमी आधी, मूळकूज मागून.

आयकलं तुझं, वैजू. घरीही आणि इथंही.